साथीच्या दिवसांत फुप्फुसांची तपासणी : वाचकांचे प्रश्न, डॉक्टरांची उत्तरे

मागील अंकात फुप्फुसांच्या कार्यक्षमतेच्या तपासणीबद्दल, म्हणजे बहुतेक रुग्ण जिला ‘फुंकायची तपासणी’ म्हणतात त्या स्पायरोमेट्रीबद्दल, लिहिले होते. त्यानंतर आलेल्या पत्रांत एकच शंका वेगवेगळ्या शब्दांत विचारलेली आहे : श्वासातून पसरणाऱ्या आजाराची साथ चालू असताना ही तपासणी करावी का, आणि करायची तर कशी? पुष्कळांनी फुंकायच्या नळीला लावतात त्या फिल्टरबद्दल आणि जंतुनाशकांबद्दल विचारले आहे. दोन रुग्णांच्या मध्ये किती वेळ जाऊ द्यावा, हे मात्र एकाच पत्रात विचारलेले आहे. माझ्या मते तोच सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे, म्हणून त्याच्या उत्तराला जागाही अधिक दिली आहे.

प्रश्न : मला नऊ वर्षांपासून सीओपीडी (श्वासनलिका अरुंद होत जाणारा जुनाट फुप्फुसविकार) आहे. कोविडच्या साथीत माझी दरवर्षीची स्पायरोमेट्री दोनदा रद्द झाली आणि तिसऱ्या वेळी मी स्वतःच भीतीने गेलो नाही. ही तपासणी खरोखर इतकी धोक्याची होती, की आम्हा रुग्णांना उगाच घाबरवले गेले?

उत्तर : भीती निराधार नव्हती. नेहमीच्या श्वासात माणूस साधारण अर्धा लिटर हवा आत-बाहेर करतो. स्पायरोमेट्रीत आम्ही त्याला छाती काठोकाठ भरेपर्यंत श्वास घ्यायला लावतो आणि मग सगळी ताकद एकवटून फुंकायला सांगतो. निरोगी प्रौढाच्या तोंडातून त्या पहिल्या क्षणी हवा सेकंदाला ८ ते १० लिटर इतक्या वेगाने बाहेर पडते आणि पुढे फुप्फुसे रिकामी होईपर्यंत, कधी कधी १५ सेकंदांपर्यंत, फुंकर चालू ठेवावी लागते. असे तीन चांगले प्रयत्न मिळवायचे असतात आणि ते मिळेपर्यंत प्रौढ व्यक्तीला आठ वेळासुद्धा फुंकावे लागू शकते. सीओपीडी किंवा दमा असलेल्या माणसाला एवढे केल्यावर खोकल्याची उबळ आली नाही तरच नवल. बंद खोली, समोर एक तंत्रज्ञ, एकामागून एक येणारे रुग्ण आणि त्यांतले अनेक जण आधीच दुर्बल फुप्फुसांचे, असे हे सगळे चित्र आहे.

११ मार्च २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने कोविडला महासाथ म्हटले, तेव्हा लस नव्हती, चांगल्या मुखपट्ट्यांचा तुटवडा होता आणि विषाणू हवेतून किती अंतर जातो यावर एकमत नव्हते. श्वसनरोगतज्ज्ञांच्या अमेरिकी आणि युरोपीय संघटनांनी त्या काळात ‘ज्या तपासणीवाचून उपचार अडतो तेवढीच करा’ असा सल्ला दिला, आणि तेव्हाच्या माहितीवर तो योग्यच होता. पुढे संशोधकांनी हवेतले कण प्रत्यक्ष मोजले, तेव्हा असे दिसले की फिल्टर लावून मारलेल्या फुंकरीपेक्षा उघड्यावर काढलेला खोकला कितीतरी जास्त कण हवेत सोडतो. म्हणजे धोका होता, पण तो मुख्यतः दोन फुंकरींच्या मधल्या क्षणांत आणि खोलीच्या कोंदट हवेत होता, आणि तो आटोक्यात ठेवता येण्याजोगा होता.

आम्हा डॉक्टरांची चूक झाली ती दुसरीच. तपासणी थांबवली आहे हे आम्ही रुग्णांना कळवले, पण ती कोणत्या अटींवर आणि कोणासाठी आधी सुरू होईल हे कळवले नाही, आणि त्यामुळे तुमच्यासारखे कितीतरी जण सगळे सुरळीत झाल्यावरही आलेच नाहीत. सीओपीडीत फुप्फुसांची ताकद इतकी हळूहळू उतरते की माणूस नकळत आपला वावर कमी करत जातो. आधी जिना टाळतो, मग फिरणे टाळतो आणि ‘वयच झाले’ असे म्हणत राहतो. तीन वर्षे राहून गेलेली तपासणी आता करून घ्या आणि जुने अहवाल बरोबर न्या, कारण एकट्या आकड्यापेक्षा आधीच्या आणि आताच्या आकड्यांतला फरक डॉक्टरांना जास्त सांगतो.

प्रश्न : मी एका लहान तपासणी केंद्रात तंत्रज्ञ म्हणून काम करते. साथीत आम्हाला प्रत्येक रुग्णानंतर ‘थोडा वेळ’ खोली रिकामी ठेवायला सांगितले होते. थोडा म्हणजे किती, हे कोणीच सांगितले नाही. कधी दहा मिनिटे, कधी गर्दी असेल तर दोनच मिनिटे. यासाठी काही हिशेब आहे का?

उत्तर : हिशेब आहे, आणि तो सोपाही आहे. खोलीतली सगळी हवा जितकी असेल तितकी ताजी हवा एका तासात किती वेळा आत येते, यावर सारे अवलंबून असते. तासाला ६ वेळा हवा बदलत असेल तर हवेत तरंगणाऱ्या कणांपैकी ९९ टक्के कण निघून जायला ४६ मिनिटे लागतात. १२ वेळा बदलत असेल तर २३ मिनिटे पुरतात. खिडकी नसलेल्या खोलीत, जिथे हवा तासाला जेमतेम २ वेळा बदलते, तिथे हाच वेळ १३८ मिनिटांवर जातो. ही गणना खोलीतली हवा सर्वत्र सारखी मिसळते असे धरून केलेली असते. प्रत्यक्षात कोपऱ्यात हवा साचून राहते, म्हणून हे आकडे कमीत कमी समजावेत.

तुमच्या खोलीचे माप घ्या. समजा ती ४ मीटर लांब, ३ मीटर रुंद आणि अडीच मीटर उंच आहे, म्हणजे तिच्यात ३० घनमीटर हवा आहे. हेपा फिल्टर (हवेतले अगदी बारीक कण अडवणारा फिल्टर) असलेले एखादे यंत्र तासाला ३६० घनमीटर स्वच्छ हवा देत असेल, तर ते एकटेच १२ वेळा हवा बदलण्याइतके काम करते. हा आकडा यंत्राच्या माहितीपत्रकात दिलेला असतो. मात्र तो यंत्र पूर्ण वेगावर चालवल्यावर मिळणारा असतो, आणि आवाज होतो म्हणून बहुतेक ठिकाणी यंत्र मंद वेगावर चालते, हे लक्षात ठेवा. भिंतीवरचा साधा एअर कंडिशनर बहुधा आतलीच हवा थंड करून पुन्हा आत सोडतो. त्यामुळे खोली गार वाटते, पण हवा जुनीच असते. ही चूक मी अनेक ठिकाणी पाहिली आहे.

खिडकी उघडता येत असेल तर ती उघडा आणि खोलीतली हवा बाहेर फेकणारा पंखा रुग्णाच्या बाजूला बसवा. हवा तुमच्याकडून रुग्णाकडे आणि तिथून बाहेर अशी वाहिली पाहिजे. तुम्ही रुग्णाच्या समोर न बसता बाजूला, शक्य तर किंचित मागे, उभे राहा. यंत्राचा पडदा दिसेल आणि रुग्णाचे ओठ माउथपीसवर घट्ट आहेत की नाही हेही दिसेल, एवढे जवळ असले म्हणजे पुरे. कार्बन डायऑक्साइड मोजणारे छोटे यंत्र मिळते, त्याचा उपयोग करा. बाहेरच्या हवेत हे प्रमाण दहा लाखांत सुमारे ४२० असते. तुमच्या खोलीत माणसे असताना ते ८००च्या वर चढून तिथेच राहत असेल, तर ताजी हवा कमी पडते आहे असे समजा. मात्र हेपा फिल्टर कण अडवतो, कार्बन डायऑक्साइड अडवत नाही, म्हणून फिल्टरचा फायदा या यंत्रावर दिसणार नाही.

आता गर्दीबद्दल. हा तुमच्या पत्रातला खरा दुखरा भाग आहे आणि त्यात तुमचा दोष नाही. दिवसाला वीस रुग्ण बोलवायचे आणि प्रत्येकानंतर पाऊण तास खोली रिकामी ठेवायची, हे दोन्ही एकत्र होऊच शकत नाही. वेळापत्रक आखणाऱ्यांनी आधी खोलीचा हिशेब करावा आणि मग रुग्णांची संख्या ठरवावी. ‘थोडा वेळ’ असा शब्द वापरून ती जबाबदारी तंत्रज्ञावर ढकलणे मला अन्यायाचे वाटते. मोजलेली मिनिटे दारावर लिहून लावा, रुग्ण बाहेर पडल्याची वेळ पाटीवर नोंदवा आणि तेवढा वेळ होईपर्यंत कोणालाही आत घेऊ नका. त्या वेळात खुर्चीचे हात, दाराची मूठ आणि टेबल पुसून घ्या. ७० टक्के अल्कोहोल किंवा ०.१ टक्के सोडियम हायपोक्लोराइट चालते, पण पृष्ठभाग किमान एक मिनिट ओला राहिला पाहिजे. यंत्राचा सेन्सर मात्र उत्पादकाने सांगितलेल्या पद्धतीनेच स्वच्छ करा, कारण काही सेन्सर अल्कोहोलने खराब होतात.

प्रश्न : प्रत्येक रुग्णाला नवा फिल्टर दिला, तर मग बाकीच्या खबरदारीची गरज काय? आणि विषाणू तर फिल्टरच्या छिद्रांपेक्षाही लहान असतो ना?

उत्तर : दुसऱ्या शंकेचे उत्तर आधी देतो. फिल्टर चाळणीसारखा काम करत नाही. त्यात तंतूंचे दाट जाळे असते. मोठे कण वळणावर वळू न शकल्याने तंतूंवर आदळतात, तर अगदी बारीक कण हवेत इतके सैरभैर हलत असतात की ते कुठल्या ना कुठल्या तंतूला चिकटतातच. अडवायला सर्वांत कठीण कण मधल्या आकाराचे, साधारण ०.३ मायक्रोमीटरचे असतात, आणि म्हणूनच चांगल्या फिल्टरची परीक्षा याच सुमाराच्या कणांवर घेतात. शिवाय विषाणू सहसा एकटा फिरत नाही, तो श्वासातल्या सूक्ष्म थेंबांत असतो. तेव्हा छिद्रांची काळजी सोडा.

पहिल्या शंकेसाठी एक प्रसंग सांगतो. साथीच्या दुसऱ्या वर्षी मी तपासणीच्या खोलीत उभा होतो. साठीच्या आसपासचे एक गृहस्थ तिसरी फुंकर मारत होते. फुंकर छान चालली होती, आलेखाची रेषा खाली उतरत होती आणि शेवटच्या दोन सेकंदांत त्यांना खोकला आला. त्यांनी माउथपीस झटकन तोंडातून काढला, नाकाचा चिमटा काढून फेकला आणि पुढे वाकून सलग सात-आठ वेळा खोकले. मुखपट्टी खिशात घडी घालून ठेवलेली होती. नवाकोरा फिल्टर हातात होता आणि खोकला खोलीभर गेला. फिल्टर फक्त ओठ त्याच्याभोवती मिटलेले असतानाच रक्षण करतो, हे मला पुस्तकातून माहीत होते, पण कळले त्या दिवशी.

तेव्हापासून आम्ही रुग्णाची मुखपट्टी खिशात ठेवू देत नाही. ती हनुवटीवर किंवा डाव्या हातात, आणि उजव्या हातात कागदी रुमाल. फुंकण्यापूर्वीच सांगतो की उबळ आली तर शक्यतो ओठ न सोडता फिल्टरमध्येच खोका, आणि ते जमले नाही तर आधी मुखपट्टी चढवा, मग खोका. दोन प्रयत्नांच्या मध्ये मुखपट्टी घालूनच दम घ्यायचा. तंत्रज्ञाने एन-९५ दर्जाची, चेहऱ्याला नीट बसणारी मुखपट्टी वापरायची. नुसता पारदर्शक चेहरापट्टा पुरत नाही, कारण कडेने हवा सहज आत येते.

फिल्टरबद्दल आणखी एक गोष्ट तंत्रज्ञांसाठी सांगायला हवी. फिल्टरमुळे हवेला थोडा अडथळा होतो. यंत्राची ३ लिटरच्या सिरिंजने रोजची पडताळणी करताना फिल्टर लावलेलाच असला पाहिजे आणि माप ३ टक्क्यांच्या आत जुळले पाहिजे. फिल्टरचा प्रकार बदलला की पडताळणी पुन्हा करावी. सुरक्षित तपासणी आणि बरोबर तपासणी या वेगळ्या गोष्टी नाहीत. आकडे चुकले तर रुग्णाला पुन्हा बोलवावे लागते आणि धोका दुप्पट होतो.

प्रश्न : उद्या माझी तपासणी आहे आणि आजपासून सर्दी व कणकण आहे. जाऊ का?

उत्तर : जाऊ नका, आजच कळवून तारीख बदलून घ्या. आजारपणात काढलेले आकडे तुमच्या फुप्फुसांचे खरे चित्र दाखवत नाहीत, म्हणजे इतरांना धोका होईल आणि तुम्हालाही उपयोग होणार नाही. दोन आठवड्यांहून अधिक काळ खोकला असेल तर आधी थुंकीची क्षयरोगासाठी तपासणी करून घ्या. हवेतून पसरणारा हा जुना आजार नव्या साथीच्या गडबडीत विसरला जातो.

प्रश्न : माझ्या आठ वर्षांच्या मुलीला दमा आहे. साथीच्या काळात तपासणीच्या वेळी तिला नेब्युलायझरऐवजी स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) लावून पंपाने औषध दिले. औषध कमी तर पडले नाही ना? आणि तपासणी टाळायची झाल्यास घरी काय करता येईल?

उत्तर : औषध कमी पडले नाही, निर्धास्त असा. स्पेसरमधून नीट दिलेला पंप नेब्युलायझरइतकाच परिणाम करतो. नेब्युलायझर औषधाचे धुके करतो आणि रुग्णाने सोडलेल्या श्वासासह ते खोलीत पसरते. साथीत तो टाळणे शहाणपणाचे होते आणि माझ्या मते साथ नसतानाही तपासणीसाठी स्पेसरच बरा. साल्बुटामॉल हे श्वासनलिका मोकळ्या करणारे औषध दिल्यावर १५ मिनिटे थांबून पुन्हा फुंकायचे असते. ती १५ मिनिटे मुलीला गर्दीच्या प्रतीक्षागृहात न बसवता मुखपट्टी घालून मोकळ्या हवेत बसू द्या. स्पेसर घरचाच न्या, म्हणजे दुसऱ्याने वापरलेला असण्याची शंका उरणार नाही. मुलीबरोबर एकाच मोठ्या माणसाने आत जावे.

घरी पीक फ्लो मीटर, म्हणजे फुंकरीचा सर्वाधिक वेग मोजणारे छोटे साधन, ठेवता येतो. सकाळी आणि संध्याकाळी, औषध घेण्यापूर्वी, उभे राहून तीनदा फुंकायचे आणि सर्वांत मोठा आकडा वहीत लिहायचा. हे सलग दोन आठवडे केले, तर सकाळ-संध्याकाळच्या आकड्यांतली चढ-उतार पाहून दमा आटोक्यात आहे की नाही याचा डॉक्टरांना चांगला अंदाज येतो. पीक फ्लो मीटरला बहुधा फिल्टर नसतो, म्हणून तो ज्याचा त्यानेच वापरायचा. भावंडांना गंमत म्हणूनही फुंकू देऊ नका.

प्रश्न : साथीच्या आजारातून बरी होऊन चार महिने झाले, तरी जिना चढताना दम लागतो. स्पायरोमेट्री चांगली आली, म्हणून घरचे म्हणतात की हे मनाचे खेळ आहेत. आणखी तपासण्या कराव्यात का, आणि त्या सुरक्षित आहेत का?

उत्तर : तुमचा दम खरा आहे असे धरून चालावे. स्पायरोमेट्री श्वासनलिका किती मोकळ्या आहेत आणि छातीत किती हवा मावते हे सांगते. वायुकोशांच्या पातळ पडद्यातून प्राणवायू रक्तात किती सहज जातो, हे ती सांगत नाही. त्यासाठी डीएलसीओ ही तपासणी असते. तिच्यात अगदी थोडा कार्बन मोनॉक्साइड मिसळलेली हवा आत घेऊन सुमारे १० सेकंद श्वास रोखायचा असतो. कोविडच्या गंभीर न्यूमोनियातून बरे झालेल्यांत सर्वाधिक वेळा बिघडलेला आढळला तो हाच आकडा, आणि त्यांतल्या अनेकांची स्पायरोमेट्री तुमच्यासारखीच चांगली होती. या तपासणीत जोराने फुंकायचे नसल्यामुळे खोकलाही कमी येतो. फिल्टर, हवा आणि मधला वेळ यांचे नियम मात्र तेच. काचेच्या बंद कक्षात बसून फुप्फुसांतली एकूण हवा मोजायला सांगितली, तर आधीच्या रुग्णानंतर कक्षाचे दार किती वेळ उघडे होते हे जरूर विचारा. त्या छोट्या कक्षातली हवा खोलीपेक्षा हळू बदलते आणि दार मिटून ठेवले तर ती बदलतच नाही.

डीएलसीओही चांगली आली तर हृदयाची तपासणी, रक्तातले हिमोग्लोबिन आणि सहा मिनिटांची चालण्याची चाचणी यांबद्दल डॉक्टरांशी बोला. घरच्यांना हे उत्तर वाचायला द्या.

प्रश्न : वडिलांना फुप्फुसाचा कर्करोग आहे आणि शस्त्रक्रियेपूर्वी ही तपासणी सांगितली आहे. पुन्हा श्वसनविकाराची साथ वाढत असल्याचे ऐकतो आहोत. तपासणीशिवाय शस्त्रक्रिया होणार नाही का?

उत्तर : तपासणी टाळू नका. साथ कितीही असली तरी जिच्यावाचून निर्णय अडतो अशी ही तपासणी आहे. एका सेकंदात किती हवा बाहेर पडते आणि डीएलसीओ किती आहे, या दोन आकड्यांवरून फुप्फुसाचा किती भाग काढला तर उरलेल्या भागावर वडिलांचा श्वास चालेल याचा अंदाज बांधतात. हा अंदाज चुकला तर शस्त्रक्रिया यशस्वी होऊनही माणूस प्राणवायूच्या नळीला बांधला जातो.

केंद्राला फोन करून सकाळची पहिली वेळ मागून घ्या, कारण रात्रभर रिकाम्या असलेल्या खोलीची हवा सर्वांत स्वच्छ असते. ‘साहेब, खोलीत ताजी हवा येण्याची सोय काय आहे आणि दोन रुग्णांमध्ये किती मिनिटे सोडता?’ एवढेच विचारा. उत्तर मिनिटांत मिळाले तर निश्चिंत मनाने जा. ‘आम्ही सगळे सॅनिटाइझ करतो’ एवढेच उत्तर मिळाले, तर पुन्हा विचारा आणि तरीही आकडा मिळाला नाही तर दुसरे केंद्र पाहा. तपासणीच्या आधी तासभर धूम्रपान आणि दमवणारी हालचाल टाळावी, कपडे सैल असावेत, आणि इनहेलर चालू असतील तर कोणता किती तास थांबवायचा हे आधीच विचारून घ्यावे. तयारी अपुरी राहिल्यामुळे परत यावे लागले तर वडिलांना तीच जोखीम दुसऱ्यांदा घ्यावी लागेल. हृदयविकाराचा झटका गेल्या आठवड्यात येऊन गेला असेल, थुंकीतून रक्त पडत असेल किंवा छाती, पोट, मेंदू यांची शस्त्रक्रिया गेल्या चार आठवड्यांत झाली असेल, तर ते फोनवरच सांगा.

प्रश्न : मोबाइलला जोडायचे छोटे स्पायरोमीटर घरी वापरले तर केंद्रात जायची गरज उरेल का?

उत्तर : निदानासाठी गरज उरेल, पण देखरेखीसाठी पुष्कळ वेळा उरणार नाही. घरी फुंकताना बहुतेक जण फुंकर लवकर सोडतात. केंद्रात तंत्रज्ञ ‘अजून, अजून, थांबू नका’ असे कानाशी म्हणत असतो, म्हणून शेवटची हवा बाहेर येते, आणि दोन उत्तम प्रयत्नांत १५० मिलिलिटरपेक्षा जास्त फरक राहू नये हेही तोच पाहतो. म्हणून पहिल्या काही वेळा तंत्रज्ञाला व्हिडिओ कॉलवर समोर बसवून फुंकावे. फुप्फुस प्रत्यारोपण झालेले रुग्ण, जुनाट फुप्फुसविकार असलेले आणि ज्यांना गर्दीत जाणे धोक्याचे आहे असे सगळे, यांना याचा मोठा आधार होऊ शकतो. रोज एकाच वेळी, एकाच यंत्रावर, एकाच खुर्चीत बसून फुंका. एखाद्या दिवशी आकडा घसरला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहा. सलग काही दिवस घसरत राहिला, किंवा धाप वाढली, तर आकड्यांची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.